नाकाचें वावडें : चिनी गोळी आणि आपली गुळवेल

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. एके दिवशीं संध्याकाळीं आमच्या आळींतील एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलास घेऊन माझ्या दवाखान्यांत आल्या. मुलाच्या हातांत रुमाल होता, आणि तो रुमाल कांहीं केल्या नाकापासून दूर होत नव्हता. बाईंनीं टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक होता पत्र्याचा लहानसा डबा. त्यावर लाल-सोनेरी चिनी अक्षरें आणि कळ्यांनीं लगडलेल्या एका फांदीचें चित्र. मुलाचा मामा बोटीवर नोकरीस आहे, त्यानें तो सिंगापुराहून आणला होता. दुसरी वस्तु म्हणजे वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक हिरवी, बोटाएवढी जाड कांडी. ती मुलाच्या आजीनें परसांतील आंब्यावरून काढून दिली होती.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "मामा म्हणतो ही गोळी द्या, सासूबाई म्हणतात गुळवेलीचा काढा द्या, आणि तुमच्या गोळीनें हा वर्गांत झोंपतो. सकाळीं उठल्यापासून वीस-वीस शिंका. आमच्या तर नाकीं नऊ आले. आतां तुम्हींच सांगा, काय देऊं?"

त्या दिवशीं दवाखान्यांत गर्दी होती. मीं घाईनें दोन शब्द सांगितले आणि त्यांची बोळवण केली. पण रात्रीं तो डबा माझ्या डोळ्यांपुढून हालेना. दोन थोर आणि पुरातन वैद्यकें त्या टेबलावर शेजारीं शेजारीं येऊन बसलीं होतीं, आणि एका आईला त्यांतून निवड करावयाची होती. तिला जें उत्तर त्या वेळीं मिळावयास हवें होतें, तें आज सावकाश देण्याचा विचार आहे.

प्रथम हा रोग कोणता तें पाहूं. इंग्रजी वैद्यकांत त्यास ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानें १९०६ सालीं घडविला. आपल्या भाषेंत त्याच्या कितीतरी आधींपासून 'वावडें' हा नेमका शब्द आहे. इतर सर्वांस निरुपद्रवी असलेली वस्तु एखाद्याच्याच शरीरास सोसत नाहीं, तेव्हां तिचें त्यास वावडें आहे असें आपण म्हणतों. कोंकणांतील प्रत्येक वाडीस जसा राखणदार असतो, तशी शरीरासहि राखण असते. पण हा राखणदार कधीं कधीं चुकतो. चोर समजून पाहुण्यावरच काठी उगारतो. धुळीचा एखादा कण नाकांत गेला, कीं रक्तांत आधींच तयार असलेली एक विशिष्ट प्रथिनें त्यास ओळखतात, नाकाच्या अस्तरांतील कांहीं पेशी फुटतात, आणि त्यांतून हिस्टामिन नांवाचें द्रव्य बाहेर पडतें. मग अस्तर सुजतें, खाज सुटते, पाणी वाहूं लागतें, आणि शिंकांची माळ सुरू होते. ज्या प्रथिनांमुळें हें सारें घडतें त्यांचा छडा १९६६ च्या सुमारास इशिझाका या जपानी दांपत्यानें अमेरिकेंत लावला.

आतां रत्नागिरीच्या माणसास विचारलें, कीं तुझें नाक कशानें बिघडलें, तर पौष-माघांत तो हटकून मोहराकडे बोट दाखवील. मला स्वतःला हा आरोप पुरता पटत नाहीं. आंब्याचा पराग चिकट व जड. माश्या आणि इतर कीटक तो एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात, वाऱ्यावर तो दूर जात नाहीं. मोहराच्या उग्र वासानें किंवा त्याच दिवसांत तुडतुड्यांसाठीं व भुरीसाठीं बागांतून होणाऱ्या फवारणीनें हुळहुळें नाक चिडतें, हें खरें. पण चिडणें वेगळें आणि वावडें वेगळें. वाऱ्यावर उडतो तो गवताचा पराग. इंग्लंडांतील मँचेस्टर येथें चार्ल्स ब्लॅकले नांवाच्या डॉक्टरानें स्वतःच्याच नाकावर प्रयोग करून १८७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गवताच्या परागाचा हा गुन्हा सिद्ध केला. परंतु आमच्या किनाऱ्यावरचा खरा गुन्हेगार बहुधा घरांतच असतो, आणि तोहि गादींत. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, भिंतींना ओल, कपाटांतल्या चपलांवर बुरशी. अशा हवेंत धुळींतील सूक्ष्म किडे मजेंत वाढतात. हे कोळ्याच्या जातीचे, आठ पायांचे आणि डोळ्यांस न दिसणारे जीव आपल्या त्वचेचा कोंडा खाऊन राहतात. पाणी म्हणून पीत नाहींत, हवेंतील ओलावाच शोषतात. त्यांच्या विष्ठेचे कण हें वावड्याचें जगांतील एक मोठें कारण आहे. मुलगा रात्रभर त्या कणांवर तोंड ठेवून झोंपतो आणि सकाळीं वीस शिंका देतो, यांत नवल तें काय?

आतां मामाच्या डब्याकडे वळूं. चिनी वैद्यकाविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात : कोणी त्यास थोतांड म्हणतो, कोणी चमत्कार. दोघांनींहि मा हुआंग या वनस्पतीचा इतिहास पाहावा. ही बिनपानांच्या, जोडजोडांच्या काड्यांची वनस्पति चीनमध्यें कित्येक शतकें दम्यासाठीं व नाकासाठीं उकळून देत आले आहेत. पारशी समाजाच्या हओम विधींत ज्या काड्या वापरतात त्या याच जातीच्या. १८८५ सालीं नागाई नागायोशी या जपानी रसायनज्ञानें तींतून एफेड्रीन हें द्रव्य वेगळें काढलें. पुढें चाळीस वर्षें त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. १९२३-२४ मध्यें पेकिंग येथील वैद्यकीय महाविद्यालयांत चेन आणि श्मिट या दोघांनीं प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें, कीं तें रक्तवाहिन्या आकुंचित करतें, श्वासनलिका मोकळ्या करतें, आणि पोटांत घेतलें तरी गुण देतें. थोड्याच वर्षांत सर्व जगाच्या औषधालयांत तें जाऊन बसलें. इकडे कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा यांनीं हिमालयांतील एफेड्रा तपासून आपल्या देशांतहि तें औषध निघूं शकतें हें दाखविलें. नाकांत घालावयाच्या एफेड्रीनच्या थेंबांनीं कित्येक पिढ्यांचीं चोंदलेलीं नाकें उघडलीं आहेत.

तेव्हां चिनी काढ्यांत गुण नाहीं असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. एफेड्रीन सूज उतरवितें. वावडें घालवीत नाहीं. आकुंचन करणारे थेंब आठवडा-पंधरवडा चालू ठेवले, कीं नाक त्यांचें बांधील होतें, थेंब नसतील तर अधिकच चोंदतें. जें द्रव्य नाकाच्या रक्तवाहिन्या आवळतें तें हृदयाकडे काणाडोळा करील असेंहि नाहीं : छातींत धडधडतें, रक्तदाब चढतो, झोंप उडते. अमेरिकेंत वजन उतरविण्यासाठीं व उत्साह वाढविण्यासाठीं हीच वनस्पति पुड्यांतून सर्रास विकली जाऊं लागली. झटके आणि मृत्यु यांच्या तक्रारी आल्या, आणि २००४ सालीं तेथील सरकारनें अशा पुड्यांवर बंदी घातली. औषध खरें असलें म्हणजे त्याचें विषहि खरें असतें.

आजचे चिनी वैद्य नाकाच्या वावड्यास एकच वनस्पति देत नाहींत. दहा-पंधरा द्रव्यांची मोट बांधतात. डब्यावर जी कळ्यांची फांदी होती ती मॅग्नोलियाची असावी. तिच्या न उमललेल्या कळ्या नाकासाठीं चिनी वैद्यकांत प्रसिद्ध आहेत, आणि आपला सोनचाफा तिच्याच कुळांतला. आणखी एका जुन्या योगाचें नांव फार सुंदर आहे : 'वाऱ्यास अडविणारा जेड-पाषाणाचा पडदा'. त्यांत हुआंग ची नांवाच्या मुळाबरोबर दुसऱ्या दोन वनस्पति असतात. नांव सुंदर असलें तरी प्रश्न उरतोच : गुण येतो काय?

येथें थोडें थांबून गुण आला हें कसें ठरवावयाचें तें पाहिलें पाहिजे, कारण सर्व वादाचें मूळ यांतच आहे. आजीचा अनुभव खोटा नसतो. पण वावड्याचा स्वभाव असा, कीं तें आपोआप चढतें आणि आपोआप ओसरतें. भाद्रपदांत काढा सुरू केला आणि कार्तिकांत शिंका थांबल्या, तर श्रेय काढ्यास द्यावें कीं कोरड्या पडलेल्या हवेस? शिवाय कोणीं मायेनें कांहीं हातावर ठेवलें, कीं नुसत्या पिठाच्या गोळीनेंहि पुष्कळांस बरें वाटतें. म्हणून रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. एकास खरें औषध, दुसऱ्यास रंगारूपानें अगदीं तसेंच पण पोकळ औषध. कोणास काय मिळालें हें रुग्णास ठाऊक नाहीं आणि त्यास तपासणाऱ्या डॉक्टरासहि ठाऊक नाहीं. सर्व मोजमापें पुरीं झाल्यावर मगच चिठ्ठ्या उघडावयाच्या.

अशी परीक्षा चिनी औषधांस ऑस्ट्रेलियांत द्यावी लागली. २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत वर्षभर नाक वाहणाऱ्या ५८ रुग्णांवर अकरा वनस्पतींचा 'बिमिन्ने' हा योग बारा आठवडे वापरून पाहिला. कांहीं लक्षणांत निश्चित उतार दिसला, कांहींत नुसता कल दिसला. दुसऱ्या वर्षीं मेलबर्न येथील संशोधकांनीं ऋतुमानाप्रमाणें होणाऱ्या वावड्यावर अठरा वनस्पतींचे अर्क ५५ जणांस आठ आठवडे देऊन पाहिले. तेथेंहि खऱ्या औषधाचा गट पुढें राहिला. हे निकाल दुर्लक्षिण्यासारखे नाहींत. पण पन्नास-साठ माणसें, दोन-तीन महिने, आणि प्रत्येक ठिकाणीं मिश्रण निराळें! एका मिश्रणाचा निकाल दुसऱ्यास लागूं पडत नाहीं, आणि मामाचा डबा या दोहोंपैकीं एकहि नव्हता. चीनमध्यें झालेल्या पुष्कळशा चाचण्यांत तर पोकळ औषधाचा गट नाहीं, किंवा कोणास काय दिलें तें सर्वांस ठाऊक आहे. मग त्यांवर भार कसा ठेवावा?

याहून मोठी काळजी डब्यांत खरोखर काय आहे याची. १९९९ सालीं लंडनमधील डॉक्टरांनीं इसबासाठीं दिलीं जाणारीं अकरा चिनी मलमें तपासलीं. इसब हें नाकाच्या वावड्याचें सख्खें भावंड. त्या अकरांपैकीं आठांत डेक्सामेथासोन हें जोरकस स्टेरॉइड निघालें. वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता, आणि तीं लहान मुलांच्या चेहऱ्यावरहि चोळलीं जात होतीं. त्याच्याहि आधीं, १९९० च्या सुमारास, ब्रुसेल्स येथें बारीक होण्यासाठीं चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांचे मूत्रपिंड कायमचे निकामी झाले. एका वनस्पतीच्या जागीं नामसाधर्म्यानें ॲरिस्टोलोकिया कुळांतील दुसरीच वनस्पति पडली होती. नाकासाठीं देण्यांत येणाऱ्या चिनी योगांत शी शिन नांवाचें एक मूळ पुष्कळदां असतें, आणि त्यांतहि तेंच घातक आम्ल अल्प प्रमाणांत सांपडतें. म्हणून, ज्या डब्यावरची अक्षरें मला वाचतां येत नाहींत, त्यांतील गोळी बारा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर ठेवण्यास मी तयार नाहीं. यांत चीनचा अपमान नाहीं. मराठींत लिहिलेल्या पण घटकांचीं नांवें न सांगणाऱ्या पुडीविषयींहि माझें हेंच म्हणणें आहे.

आतां आजीची कांडी. ती पाहून मला बरें वाटलें, कारण गुळवेलीची परीक्षा तर आपल्याच महाराष्ट्रांत झालेली आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं नाकाचें वावडें असलेल्या ७५ रुग्णांचे चिठ्ठ्यांनीं दोन गट केले, एकास गुळवेलीचा अर्क आणि दुसऱ्यास पोकळ गोळी आठ आठवडे दिली, आणि निकाल २००५ सालीं प्रसिद्ध केला. गुळवेल घेतलेल्यांपैकीं शेंकडा ८३ जणांच्या शिंका पूर्णपणें थांबल्या, ६९ जणांचें वाहणें थांबलें, ६१ जणांचें नाक मोकळें झालें, ७१ जणांची खाज गेली. पोकळ गोळीच्या गटांत शेंकडा ७९ जणांच्या शिंकांस कांहींच उतार पडला नाहीं. नाकांतील स्राव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां वावड्याची खूण असणाऱ्या इओसिनोफिल पेशीहि कमी झालेल्या आढळल्या.

हे आंकडे मीं प्रथम वाचले तेव्हां मला अभिमान वाटला, आणि लगेच शंकाहि आली. मान्यता पावलेल्या उत्तमोत्तम औषधांनींहि शंभरांतील त्र्यायशीं माणसांच्या शिंका समूळ थांबत नाहींत. उलट, पोकळ गोळीनें या रोगांत एरवीं बऱ्याच लोकांस थोडेंबहुत बरें वाटतें. येथें तसें बहुतेकांस वाटलेलें दिसत नाहीं. एक गट इतका उजळ आणि दुसरा इतका काळा असला, म्हणजे गुळवेलीच्या चवीनें किंवा अन्य कशानें गुपित फुटलें होतें कीं काय, असें विचारणें भाग पडतें. नागपूरच्या डॉक्टरांनीं काम केलें त्याचें मोल कमी नाहीं. आजींच्या बोलण्यास त्यांनीं प्रथमच तराजूंत घातलें. पण एकदां तोललेलें सोनें दुसऱ्या सोनाराकडेहि तोलून घ्यावें लागतें, आणि तें शेंकडों रुग्णांवर, निरनिराळ्या गांवीं, व्हावयास पाहिजे. शिवाय नागपुरास दिला तो ठराविक प्रमाणाचा अर्क होता. परसांतील कांडी, मूठभर पाणी आणि अंदाजानें उकळणें, यांस तो निकाल जसाच्या तसा चिकटवितां येणार नाहीं.

येथें माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देतों. २०२० सालच्या साथींत घरोघर गुळवेलीचा काढा शिजत होता. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ त्या वर्षाच्या अखेरीस कावीळ घेऊन आले. मीं विचारलें, "औषधें कोणतीं चालू आहेत?" त्यांनीं रक्तदाबाच्या गोळीचें नांव सांगितलें. मीं तेवढेंच लिहून घेतलें आणि पुढच्या तपासण्यांस लागलों. आठवड्यानें त्यांच्या सूनबाई सहज बोलून गेल्या, कीं मामंजी तीन महिने रोज सकाळीं पेलाभर गुळवेल घेतात. काढा हें औषध आहे असें त्यांना वाटलें नव्हतें, आणि तसें विचारावें असें मलाहि सुचलें नव्हतें. काढा बंद केला, कावीळ हळूहळू उतरली. पुढें २०२१ मध्यें मुंबईच्या यकृततज्ज्ञांनीं आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळांतील अशाच सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां मी ती दोनदां वाचली. आयुष मंत्रालयानें त्यास हरकत घेतली : गुळवेल म्हणून तिच्या जातींतील दुसरी वेल घेतली गेली असावी, असें त्यांचें म्हणणें. पण २०२२ सालीं देशांतील तेरा केंद्रांनीं मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. त्यांतून डॉक्टरांनीं काढलेला अर्थ असा, कीं ज्यांच्या शरीराच्या राखणदारानें आधींच स्वतःच्या घरावर काठी उगारलेली असते, अशा कांहीं थोड्या माणसांच्या यकृतावरील हल्ला गुळवेलीनें उघड होतो. सर्वांस असें होत नाहीं. बहुतेकांस कांहींच होत नाहीं. पण कोणास होईल हें आधीं कळत नाहीं.

मंत्रालयाच्या हरकतींत तथ्य नाहीं असें मात्र नव्हे. खऱ्या गुळवेलीचें पान हृदयाकृति व गुळगुळीत, सालीचा पातळ कागदासारखा पापुद्रा निघतो आणि आंत हिरवें दिसतें. आडवी कापली तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. आमच्या कोंकणांत तिची एक लवदार पानांची बहीणहि रानांत चढलेली असते, आणि ज्या दुसऱ्या जातीचा संशय घेतला गेला तिच्या खोडावर ठळक पुळ्या असतात. आजीची कांडी मात्र अस्सल होती. आजी चुकल्या नव्हत्या.

मग मुलास काय दिलें? पहिली झोंप आणणारी गोळी बदलून नव्या पिढींतील, वर्गांत न झोंपविणारी दिली. नाकांत रोज एकदां मारावयाचा स्टेरॉइडचा सूक्ष्म फवारा सुरू केला. स्टेरॉइड म्हणतांच बाईंचा चेहरा उतरला. तेव्हां मीं त्यांस लंडनच्या मलमांची गोष्ट सांगितली. वेष्टनावर ज्याचें नांव आणि वजन लिहिलेलें आहे, जें बहुतांशीं नाकांतच राहतें आणि ज्यासाठीं मुलाची उंची वेळोवेळीं मोजतां येते, त्याचें भय बाळगावें आणि निनांवी डब्याचें बाळगूं नये, हें उलटें आहे. हा फवारा एका दिवसांत गुण देत नाहीं. आठ-पंधरा दिवस नेमानें मारावा लागतो. त्याबरोबर जलनेति. मिठाच्या कोमट पाण्यानें नाक धुण्याचा हा आपला जुना उपाय आधुनिक चाचण्यांतहि थोडाबहुत टिकला आहे. मात्र पाणी उकळून निवविलेलें पाहिजे, विहिरीचें कच्चें पाणी नाकांत घालणें जिवावर बेतूं शकतें. आणि गादी! ती कापसाची जुनी गादी पावसाळाभर ओल धरून होती. तिला माडीवरून रजा दिली, मुलास चटईवर पातळ, धुतां येण्याजोगी वाकळ दिली, अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्यांत.

आजींनीं विचारलें, "म्हणजे आमचा काढा बंदच ना?" मीं म्हटलें, मोठ्या माणसास घ्यावयाचा असेल तर यकृताचा किंवा आमवातासारखा स्वतःच्या शरीरावर उलटणारा दुसरा रोग नाहीं ना, हें डॉक्टरास विचारून, थोडे आठवडे, आणि घेतों आहों असें सांगून घ्यावा; डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्या क्षणीं थांबवावा. लहान मुलांसाठीं मात्र अशी परीक्षा झालेली नाहीं, म्हणून नातवास नको. आजींना तें फारसें आवडलें नाहीं.

कार्तिकांत मुलगा भेटला तेव्हां शिंका वीसांवरून चारांवर आल्या होत्या. फवाऱ्यामुळें, गादीमुळें, कीं पाऊस गेल्यामुळें? मीं त्यास एक वही दिली आहे. रोज सकाळच्या शिंका मोजून तो तींत लिहितो. ती वही घेऊन यंदाच्या भाद्रपदांत त्यानें यावें असें ठरलें आहे.